कॅल्शियमचा आलेख वाचायला शिकताना

पेशींमधील कॅल्शियम-संदेशांवर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला सुरुवातीला जे चित्र दाखवले जाते, ते बाणांचे असते. संप्रेरक किंवा चेतापारेषक पेशीपटलावरच्या ग्राही प्रथिनाला चिकटतो, ते प्रथिन जी-प्रथिनाला कार्यान्वित करते, जी-प्रथिन फॉस्फोलायपेज-सी या विकराला, आणि शेवटच्या बाणापुढे ‘कॅल्शियम वाढते’ एवढेच लिहिलेले असते. हे चित्र बरोबर आहे, आणि मीही ते पाठ करूनच प्रयोगशाळेत आले होते. मात्र जिवंत पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहू लागल्यावर माझ्या ध्यानात आले, की या विषयातले खरे काम त्या शेवटच्या बाणापाशी सुरू होते.

याचे कारण कॅल्शियमच्या स्वभावात आहे. सायक्लिक एएमपीसारखा दूत-रेणू पेशी गरजेनुसार तयार करते आणि काम झाले की मोडून टाकते. कॅल्शियम मूलद्रव्य असल्यामुळे ते पेशीला घडवता येत नाही आणि मोडताही येत नाही. फक्त एका जागेहून दुसऱ्या जागी हलवता येते. विश्रांत पेशीच्या पेशीद्रवात मुक्त कॅल्शियम सुमारे 100 नॅनोमोलर असते, तर पेशीबाहेरच्या द्रवात ते 1 ते 2 मिलिमोलर, म्हणजे दहा हजार पटींहून अधिक असते. आंतर्द्रव्यजालिकेतही त्याचा मोठा साठा असतो. हा उतार टिकवण्यासाठी पेशी अखंड ऊर्जा खर्च करते, कारण तिचा ऊर्जाव्यवहार फॉस्फेटवर चालतो आणि कॅल्शियम फार झाले तर ते फॉस्फेटबरोबर साका बनवून बसते. म्हणूनच एखादे द्वार क्षणभर उघडले तरी पेशीद्रवातले प्रमाण कित्येक पटींनी चढते. वेळेनुसार पेशीद्रवातल्या कॅल्शियमचा जो आलेख आपण काढतो, त्यावरच्या प्रत्येक चढामागे उघडलेले चॅनेल, म्हणजे कॅल्शियमला वाट देणारे प्रथिन-द्वार, असते आणि उतारामागे मुख्यतः काम करणारे पंप असतात. आलेख पाहिल्याबरोबर ‘हे कुठून आले आणि कुठे गेले’ हा प्रश्न मनात उभा राहणे, ही या क्षेत्रातली पहिली सवय होय.

ही सवय लागण्यासाठी जुने प्रयोग वाचावेत, असा माझा आग्रह आहे. 1953 मध्ये मेबल आणि लॉवेल होकिन यांना स्वादुपिंडाच्या ऊतीवर असेटिलकोलीनचा परिणाम पाहताना असे आढळले, की पेशीपटलातल्या फॉस्फोलिपिडांमध्ये फॉस्फेट वेगाने सामावले जात आहे. त्याचा अर्थ लागायला वीसहून अधिक वर्षे गेली. 1975 मध्ये रॉबर्ट मिचेल यांनी या मेद-व्यवहाराचा कॅल्शियमशी संबंध असावा, असे मांडले. आणि 1983 मध्ये स्ट्रेब, अर्विन, बेरिज आणि शुल्झ यांनी स्वादुपिंडाच्या पेशींची आवरणे सच्छिद्र करून दाखवून दिले, की इनोसिटॉल ट्रायफॉस्फेट, म्हणजे आयपी-3, पेशीतल्या साठ्यातून कॅल्शियम मोकळे करते, आणि तो साठा तंतुकणिकांमधला नव्हे. हा शेवटचा तपशील मला फार मोलाचा वाटतो, कारण पेशीतला कॅल्शियमचा साठा म्हणजे तंतुकणिका, असे त्या काळी अनेकांना वाटत होते. ‘कॅल्शियम आले’ एवढ्यावर न थांबता ‘कुठून आले नाही’ हेही त्या संशोधकांनी तपासले.

आता फॉस्फोलायपेज-सी पेशीपटलातले एक मेद तोडते, त्यातून सुटलेला आयपी-3 पेशीद्रवात पसरतो आणि दुसरा तुकडा, डायअसिलग्लिसरॉल, पटलातच राहून प्रोटीन कायनेज-सी सक्रिय करण्यास मदत करतो, एवढे कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळते. ज्यावर नवख्याने रेंगाळावे ती गोष्ट पुढची आहे. आंतर्द्रव्यजालिकेवरचे आयपी-3 चे ग्राही प्रथिन स्वतःच एक चॅनेल असते, आणि ते केवळ आयपी-3 चे ऐकत नाही, कॅल्शियमचेही ऐकते. पेशीद्रवातले कॅल्शियम थोडे वाढले की ते अधिक सहज उघडते, आणि फार वाढले की मिटते. त्यामुळे एका चॅनेलने सोडलेले कॅल्शियम शेजारच्या चॅनेलला उघडायला लावते, लाट पुढे सरकते, मागची चॅनेले मिटतात, पंप कॅल्शियम पुन्हा साठ्यात ओढतात, आणि संप्रेरक समोर असेपर्यंत हाच फेरा पुन्हा घडू शकतो. यकृताच्या पेशींवर 1986 मध्ये झालेल्या मोजमापांत असे दिसले, की संप्रेरकाची मात्रा वाढवली तर शिखरांची उंची जवळपास तशीच राहते, मात्र शिखरे अधिक लवकर लवकर येतात. थोडक्यात, मात्रेची बातमी पेशी उंचीने सांगत नाही, वारंवारतेने सांगते.

माझी पहिली मोठी चूक इथेच झाली. सुरुवातीचे कित्येक आठवडे मी दोन-अडीचशे पेशींची सरासरी काढून आलेख मांडत असे, आणि तो नेहमी एकसारखा येई: झपकन चढ, मग हळूहळू उतार. एका संध्याकाळी मी एकेका पेशीचा आलेख वेगळा काढून पाहिला, तर एक पेशी दर अर्ध्या मिनिटाला ठोका देत होती, तिच्या शेजारची एकदाच उसळून शांत झाली होती, आणि तिसरी तब्बल दीड मिनिटाने जागी झाली होती. ठोके एकमेकांशी जुळत नसल्यामुळे सरासरीत ते पुसले गेले होते. तेव्हापासून मी प्रत्येक प्रयोगात किमान वीस पेशींचे आलेख एकेक करून पाहते आणि मगच सरासरीला हात लावते.

मोजमापासाठी फ्युरा-2 हे रंजक शिकणाऱ्याला उत्तम. 1985 मध्ये रॉजर त्सिएन यांच्या गटाने ते मांडले. 340 आणि 380 नॅनोमीटर अशा दोन तरंगलांबींनी ते आळीपाळीने उजळले जाते. कॅल्शियम बांधले गेले की पहिल्या तरंगलांबीवरची चमक वाढते, दुसरीवरची घटते, आणि दोहोंचे गुणोत्तर घेतल्यामुळे पेशीची जाडी किंवा रंजकाची मात्रा यांतला फरक बराचसा आपोआप वजा होतो. रंजक पेशीत शिरावे म्हणून ते एस्टर रूपात दिले जाते आणि आतली विकरे ते एस्टर तोडतात. हे तुटणे पूर्ण व्हावे म्हणून रंजक धुतल्यावर आणखी अर्धा तास थांबावे लागते. घाईत हा अर्धा तास वगळला जातो आणि मग दिवसभराची मोजमापे संशयास्पद ठरतात. बफर करताना फॉस्फेटचे प्रमाण जपावे, नाहीतर कॅल्शियमचा साका खाली बसतो.

दुसरा धडा पिपेटने शिकवला. मी एका संप्रेरकाचा प्रतिसाद मोजत होते आणि तो सुरेख येत होता. नियंत्रण म्हणून नुसते बफर सोडले, तर तेवढाच सुरेख प्रतिसाद आला. द्रवाच्या झोताने पेशींवर ताण पडला की त्या एटीपी, म्हणजे त्यांचा ऊर्जावाहक रेणू, बाहेर सोडतात, आणि ते एटीपी शेजारच्या पेशींच्या ग्राही प्रथिनांना चिकटून कॅल्शियम उसळवते. द्रव अगदी संथ धारेने सोडल्यावर आणि एका तुकडीत एटीपी मोडणारे अपायरेज हे विकर घातल्यावर बफरचा प्रतिसाद नाहीसा झाला. संप्रेरकाचा खरा प्रतिसाद उरला तो आधीपेक्षा बराच लहान होता, पण विश्वास ठेवावा असा होता. त्यामुळे नुसत्या बफरचा प्रयोग प्रत्येक दिवशी, प्रत्येक तुकडीवर करावा. आदल्या दिवशीचे नियंत्रण आज चालत नाही.

कॅल्शियम आतले की बाहेरचे, हे ठरवण्याची रीत सोपी आहे, वेळ मात्र सांभाळावी लागते. बाहेरच्या द्रवातून कॅल्शियम काढून ईजीटीए, म्हणजे उरलेसुरले कॅल्शियम बांधून ठेवणारे रसायन, घालावे आणि मग संप्रेरक द्यावे. पहिले शिखर टिकले आणि नंतरचा सपाट टप्पा गेला, तर शिखर साठ्यातून आले आणि टप्पा बाहेरून, असे समजता येते. पण पेशी दहा-पंधरा मिनिटे तशाच ठेवल्या, तर साठाच हळूहळू रिता होतो आणि खोटेच निदान होते. मी संप्रेरकाच्या मिनिटभर आधी द्रव बदलते. उलट तपासणीसाठी थॅप्सिगार्गिन वापरावे; ते साठ्याकडे नेणारा पंप बंद करते, साठा गळून रिकामा होतो, आणि नंतर बाहेर कॅल्शियम परत दिले की ते पेशीत लोटते. रिकाम्या साठ्याची खबर पेशीपटलापर्यंत कोण पोहोचवते, हे कोडे बरीच वर्षे होते. 2005 मध्ये स्टिम-1 आणि 2006 मध्ये ओराय-1 या प्रथिनांची ओळख पटल्यावर ते सुटले. आंतर्द्रव्यजालिकेतले स्टिम-1 साठा आटल्याचे जाणते, पेशीपटलाजवळ गोळा होते आणि तिथले ओराय-1 चॅनेल उघडते.

या क्षेत्रात यायला जीवशास्त्राचीच पदवी हवी, असे नाही. भौतिकशास्त्रातून आलेले विद्यार्थी प्रकाश आणि गुणोत्तरे लवकर समजून घेतात, त्यांना पेशी सांभाळायला मात्र शिकावे लागते. पहिल्या महिन्यात नवीन प्रश्नाच्या मागे लागू नये. हिस्टामिनने हेला पेशींत (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींत) येणारा परिचित प्रतिसाद सलग काही दिवस हुबेहूब मिळवावा, आणि तापमान, रंजकाचा वेळ, पेशींची पिढी वहीत लिहावी. तापमान उतरले तरी ठोके मंदावतात. प्रत्येक प्रयोगाच्या शेवटी आयनोमायसिन, म्हणजे पटलांतून कॅल्शियम थेट पार नेणारे रसायन, द्यावे. ज्या पेशीत त्यानेही गुणोत्तर हलत नाही, तिच्यातले रंजक निकामी झालेले असते किंवा पेशीच मेलेली असते. संप्रेरकाला उत्तर दिले नाही म्हणून तिची नोंद करू नये, तिला हिशेबातूनच वगळावे.