म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्या घरी नीट कशा लावायच्या

जो तो सांगतो, सकाळ-दुपार-रात्रीच्या खणांची डबी आणा. आणा ना, पण शेवटी. थैलीत एकच औषध दोन नावांनी पडलेलं असलं तर डबीतून ते रोज न चुकता डबल पोटात जाईल.

आधी घरातली झाडून सगळी औषधं खाटेवर ओता. फ्रीजवरची, उशीखालची, चूर्णसुद्धा. एक्स्पायरी झालेली आणि कशाची ते कोणालाच सांगता येत नाही अशी बाजूला काढा.

आता खरं काम, अन् मलाही सगळ्यात जास्त डोकं इथंच लावावं लागलं. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाचे दवाखाने तीन असतात. बीपीच्या गोळ्या पीएचसीतून फुकट मिळतात, मधात चक्कर आली की तालुक्याच्या खाजगी डॉक्टरकडे नेतात, अन् दिवाळीत मुलगा आला की नागपूरला दाखवून आणतो, तिथली वेगळी थैली. प्रत्येक डॉक्टर आपल्या जागी बरोबर असतो, पण तिन्ही चिठ्ठ्या एका जागी कोणीच पाहिलेल्या नसतात. सरकारी पत्त्यावर, म्हणजे गोळ्यांच्या पट्टीवर, अम्लोडिपिन हे बीपीच्या औषधाचं मूळ नाव लिहिलेलं, खाजगीत त्याच गोळीला कंपनीचं नाव, रंग वेगळा, आकार वेगळा, मग आजी म्हणते ही पांढरी बीपीची अन् ही गुलाबी चकरेची, आणि दोन्ही घेते. बीपी नको तेवढा उतरतो, रात्री लघवीला उठली की भोवळ येऊन पडते, घोट्यावर सूज येते आणि घरचे म्हणतात वय झालं.

म्हणून रंगावर जाऊ नका. पत्ता उलटा करा, कंपनीचं नाव सोडा, मूळ औषधाचं नाव मिलिग्रॅमसकट वहीत लिहा. अक्षर बारीक असलं तर मोबाईलवर फोटो काढून मोठं करा. जोडगोळ्या, म्हणजे एकाच गोळीत दोन औषधं असतात त्या, नीट पाहा, टेल्मिसार्टन या बीपीच्याच दुसऱ्या औषधाच्या गोळीच्या नावामागे 'एएम' असलं तर बहुतेक वेळा अम्लोडिपिन त्यातच असतं, मागची अक्षरं वाचून खात्री करा. एकच नाव वहीत दोनदा आलं की थांबा, पण आपल्या मनानं कोणतीच गोळी बंद करायची नाही, वही अन् सगळी थैली घेऊन त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि कोणती ठेवायची ते त्यांच्याच हातानं वहीत लिहून घ्या.

शुगरच्या ग्लिमेपिराइडचं असं डबल झालं तर जास्त धोका. साखर एकदम खाली जाते, घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस बरळतो. एकादशीला उपाशीपोटी तर एक गोळीही भारी पडू शकते, उपवासाआधी डॉक्टरला विचाराच. शुद्धीवर असले तर तीन चमचे साखर पाण्यात कालवून पाजा, शुद्ध हरपली असली तर तोंडात काही घालू नका, १०८ लावा.

गुडघ्याच्या गोळ्याही वहीत लिहा. मेडिकलमधून चार-चार आणून खाल्लेलं डायक्लोफिनॅक कोणी औषधात धरतच नाही, पण त्यानं बीपी वाढतो, किडनीवर ताण येतो, आणि अॅस्पिरिन चालू असलं तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. मेडिकलवाला पत्ता कापून देत असला तर नाव अन् तारीख असलेला तुकडाच मागा, भीड धरू नका.

वाचता येत नसलं तर पत्त्यावर मार्करनं सूर्य अन् चंद्र काढा. औषधं चुलीपासून लांब ठेवा. मे महिन्यात आपल्याकडे ४५ डिग्री होतं, फ्रीज नसला तर इन्सुलिन घट्ट झाकणाच्या बरणीत घालून ओल्या माठात ठेवा.

मग डबी. ती दर आठवडी बाजाराच्या दिवशी भरा, म्हणजे कोणती गोळी संपत आली ते सकाळीच दिसतं आणि तालुक्याला जाणाऱ्याजवळ वहीचा फोटो पाठवता येतो.