कॉलेजच्या टीममधून खेळायचंय? नाशिकच्या पोरापोरींनी आधी हे वाचा

इंटर कॉलेज स्पर्धा सुरू झाल्या की एक गोष्ट हमखास बघायला मिळते, पोरगं वर्षभर पहाटे उठून भोसलाच्या ट्रॅकवर नाहीतर मीनाताई ठाकरे स्टेडियमला घाम गाळतं, फॉर्मात असतं, आणि मॅचच्या सकाळी टेबलावर कागद तपासताना कळतं की याला खेळताच येणार नाही. कधी वय, कधी ॲडमिशन, कधी नावातली एक चूक. हे टाळता येतं आणि टाळायलाच पाहिजे, म्हणून सगळं नीट लिहितोय. फर्स्ट इयरच्या पोरांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी जास्त लक्ष देऊन वाचा.

सगळ्यात आधी, तुम्ही नक्की कोणत्या विद्यापीठाचे विद्यार्थी आहात ते बघा. ऐकायला सोपं वाटतं पण नाशिकमध्ये खरा घोळ इथेच होतो. बीए, बीकॉम, बीएस्सी, इंजिनिअरिंगची बहुतेक कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची, ज्याच्याखाली पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे तीन जिल्हे येतात. पण एमबीबीएस, आयुर्वेद, नर्सिंगवाले आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे, म्हणजे आपल्या म्हसरूळच्या. मुक्त विद्यापीठातून पदवी करणाऱ्यांचं विद्यापीठ वेगळं, खाजगी विद्यापीठात असाल तर तेही वेगळं. प्रत्येक विद्यापीठाची टीम स्वतंत्र असते, आणि जिथे ॲडमिशन तिथूनच खेळायचं. मित्राच्या कॉलेजला चांगला गोलकीपर नाही म्हणून एक दिवस त्यांच्याकडून उभं राहणं हा सरळ गुन्हा समजा. एका शैक्षणिक वर्षात दोन विद्यापीठांकडूनही खेळता येत नाही.

अकरावी-बारावीची मुलं कॉलेजच्याच बिल्डिंगमध्ये बसतात, जिमखाना पण तोच, तरी ती सीनियर कॉलेजच्या टीममध्ये येत नाहीत. त्यांच्यासाठी जिल्हा क्रीडा कार्यालयाकडून होणाऱ्या १९ वर्षांखालील शालेय स्पर्धा आहेत. दहावीनंतर पॉलिटेक्निकला गेलेल्यांच्या स्पर्धाही वेगळ्या, डिप्लोमा कॉलेजांची आयईडीएसएसए नावाची संघटना त्या घेते. हीच मुलं डिप्लोमा करून डिग्रीच्या सेकंड इयरला आली की मग विद्यापीठाच्या टीमसाठी खेळू शकतात.

आता नियम. आंतरविद्यापीठ स्पर्धा दिल्लीची असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज घेते, सगळे तिला एआययू म्हणतात, आणि पात्रता तिच्याच नियमांनी ठरते. विद्यार्थी रेग्युलर, पूर्णवेळ हवा, कोर्स किमान एका वर्षाचा हवा, ॲडमिशन पक्कं झालेलं हवं. प्रोव्हिजनल ॲडमिशनवर खेळता येत नाही. वय त्या वर्षीच्या १ जुलैला २५ पेक्षा कमी हवं. बारावी होऊन किती वर्षं झाली यालाही मर्यादा आहे, त्यामुळे मध्ये तीन-चार वर्षं गॅप घेतलेल्यांनी जिमखान्याच्या सरांना आधीच विचारून घ्या, ट्रायल दिल्यावर नाही.

नोकरीचा मुद्दा आपल्याकडे फार येतो. सातपूर, अंबडला कंपनीत शिफ्ट करून कॉलेज करणारी कितीतरी मुलं आहेत, त्यांच्या कष्टाबद्दल मला मनापासून आदर आहे, पण नियम असा आहे की पूर्णवेळ नोकरी करणारा विद्यार्थी आंतरविद्यापीठ स्पर्धेला चालत नाही. लपवू नका. जिमखान्याच्या सरांना खरं सांगा, म्हणजे ते निदान योग्य मार्ग दाखवतील. तसंच इयर डाऊन होऊन यंदा ॲडमिशनच नाही, फक्त राहिलेले विषय द्यायला परीक्षेला बसणार, असे लोक रेग्युलर धरले जात नाहीत. एटीकेटी लागून पुढच्या वर्गात रीतसर ॲडमिशन घेतलेलं असेल तर तुमची केस वेगळी, ती मार्कशीट घेऊन सरांना दाखवा.

मी एवढं जीव तोडून का सांगतोय, तर अपात्र खेळाडू सापडला की बहुतेक वेळा तो एकटा बाहेर जात नाही, समोरची टीम हरकत घेते आणि अख्ख्या टीमचा निकाल रद्द होतो. कबड्डीत बारा जण रात्रंदिवस राबलेले असतात आणि एकाच्या खोट्या कागदामुळे सगळ्यांचं वर्ष जातं. त्यातल्या एखाद्याचं ते शेवटचं वर्ष असतं. म्हणून तुमची पात्रता ही तुमची खाजगी बाब राहत नाही.

कागदांची फाईल जुलैतच बनवा. दहावीचं सर्टिफिकेट (जन्मतारीख त्यावरचीच धरतात), बारावीची मार्कशीट, मागच्या वर्षाचा निकाल, चालू वर्षाची फी पावती, कॉलेजचं आयकार्ड, आधार, बोनाफाईड, आणि पासपोर्ट फोटो भरपूर काढून ठेवा. पुणे विद्यापीठवाल्यांनी पीआरएन, म्हणजे विद्यापीठाने दिलेला कायमचा नोंदणी नंबर, पाठ करा. दुसऱ्या बोर्डातून किंवा दुसऱ्या विद्यापीठातून आला असाल तर मायग्रेशन आणि एलिजिबिलिटीचं काम ॲडमिशनच्या वेळीच पूर्ण करा, याला वेळ लागतो आणि स्पर्धा तुमच्यासाठी थांबत नाही. नावाचं स्पेलिंग दहावीच्या सर्टिफिकेटवर एक, आधारवर दुसरं असेल तर आधार दुरुस्त करून घ्या. लग्न झालेल्या मुलींनी नाव बदललं असेल तर राजपत्र किंवा विवाह प्रमाणपत्राची प्रत फाईलला लावून ठेवा. एलिजिबिलिटी फॉर्मवर प्राचार्यांची सही आणि शिक्का लागतो, तो आदल्या रात्री मिळत नाही.

पायऱ्या अशा आहेत: आधी कॉलेजची ट्रायल, मग नाशिक विभागाच्या इंटर कॉलेज स्पर्धा, तिथून विभागाची टीम निघते आणि इंटर झोनल खेळते, त्यातून विद्यापीठाची टीम, ती वेस्ट झोनला, म्हणजे पश्चिम भागातल्या विद्यापीठांच्या स्पर्धेला जाते, पुढे ऑल इंडिया. शिवाय राज्यातल्या विद्यापीठांचा अश्वमेध क्रीडा महोत्सव आहे आणि देशपातळीवर खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्स, जे २०२० साली भुवनेश्वरला सुरू झाले. ट्रायलची नोटीस जिमखान्याच्या बोर्डावर किंवा ग्रुपवर येते, कोणी घरी येऊन सांगत नाही, त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी बोर्ड बघा.

अभ्यासाचं थोडक्यात. हजेरी साधारण ७५ टक्के लागते, स्पर्धेला आणि कॅम्पला गेलेले दिवस धरले जावेत म्हणून जाण्याआधी पत्र काढा आणि ते वर्गशिक्षकांना, विभागप्रमुखांना स्वतः नेऊन द्या. इंटर्नल किंवा प्रॅक्टिकल बुडणार असेल तर लेखी अर्ज आधी, आल्यावर नाही. जे सर तुमचं प्रॅक्टिकल परत घेतात ते त्यांचा वेळ देतात, हे लक्षात ठेवून बोला.

आता वागणूक. टीमबरोबर राजस्थान नाहीतर गुजरातला गेलात की तुमच्या छातीवर विद्यापीठाचं नाव असतं. मॅनेजरला न सांगता मुक्कामाची जागा सोडायची नाही, दारू, गुटखा, मावा काही नाही, अंपायरला शिवी नाही, निर्णय पटला नाही तर कॅप्टनने किंवा मॅनेजरने रीतसर बोलायचं. हरल्यावर रात्री स्टेटसला समोरच्या टीमबद्दल किंवा सिलेक्शन कमिटीबद्दल घाण लिहिणारे असतात, तो स्क्रीनशॉट दुसऱ्या दिवशी सरांच्या टेबलावर असतो. टीए-डीएचा, म्हणजे प्रवास आणि रोजच्या भत्त्याचा, हिशोब आणि किट वेळेत परत करा. ट्रेनच्या डब्यात आपण कसे वागतो हेही त्यातच आलं.

सीनियरांनी नीट ऐका. नवीन मुलांकडून कपडे धुवून घेणं, उठाबशा, बस्ता उचलायला लावणं, याला परंपरा म्हणू नका, ते रॅगिंग आहे. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, यूजीसीचे २००९ चे नियम आहेत, हॉस्टेलबरोबर ग्राउंडही त्यात येतं. राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, चोवीस तास. आणि मुलींसाठी, कोच किंवा कोणीही नको तिथे हात लावत असेल, रात्री मेसेज करत असेल, सिलेक्शनच्या बदल्यात काही मागत असेल तर गप्प बसू नका. २०१३ च्या कायद्याने कॉलेजात अंतर्गत समिती असावीच लागते, तिथे लेखी द्या, मेसेज डिलीट करू नका. वय १८ पेक्षा कमी असेल तर पॉक्सो लागतो. टीममधल्या मुलांनी अशा वेळी तिच्या बाजूने उभं राहायचं असतं.

सगळ्यात जास्त वेळ मला डोपिंगवर, म्हणजे बंदी असलेली औषधं घेण्यावर, घ्यायचाय कारण यात चांगली, सरळ पोरं अडकतात. नाडा म्हणजे देशातली डोपिंगविरोधी संस्था, तिचे लोक आंतरविद्यापीठ स्पर्धांना आणि खेलो इंडियाला सॅम्पल घ्यायला येऊ शकतात. नियम कडक आहे, तुमच्या शरीरात बंदी असलेलं काही सापडलं की जबाबदारी तुमची, कोचने दिलं, जिमवाल्याने दिलं, माहीत नव्हतं, यातलं काही सांगून सुटका होत नाही. सॅम्पल द्यायला नकार दिला किंवा नाडा आली म्हणून पळून गेलात तर तोही भंगच, त्याला चार वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते.

आपल्याकडच्या सवयी बघा. अशक्तपणा आला की गल्लीतल्या दवाखान्यात जाऊन सलाईन लावून घ्यायची. वाडा या जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या यादीप्रमाणे १२ तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त सलाईन शिरेतून घेणं बंदीत येतं, हॉस्पिटलमध्ये खरोखर उपचार चालू असतील तरच चालतं. सलाईनमध्ये काहीही औषध नसलं तरी. गुडघा दुखतो म्हणून स्पर्धेच्या तोंडावर स्टेरॉइडचं इंजेक्शन, तेही स्पर्धेच्या काळात बंद. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, ते ठराविक मर्यादेपुढे गेलं की पॉझिटिव्ह. दम्याच्या पंपात सालब्युटामॉल ठरलेल्या डोसपर्यंत चालतं, प्रत्येक पंप चालतो असं नाही. खरंच आजार असेल तर टीयूई नावाची परवानगी आधी काढता येते. डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगा की मी खेळाडू आहे. नाडाचं नो युवर मेडिसिन ॲप आहे, त्यात औषधाचं नाव टाकून बघा, आणि यादी दर वर्षी १ जानेवारीला बदलते म्हणून मागच्या वर्षीच्या माहितीवर जाऊ नका. जिमच्या काउंटरवरच्या पावडरच्या डब्याला कोणीही शंभर टक्के खात्री देत नाही, वाडा कुठल्याच सप्लिमेंटला मान्यता देत नाही. दूध, अंडी, शेंगदाणे, नाचणी, बाजरीची भाकरी यावर आपल्या जिल्ह्यातून कविता राऊतसारखी मुलगी सावरपाड्याहून निघून २०१० च्या राष्ट्रकुलमध्ये १०,००० मीटरला ब्राँझपर्यंत गेली.

शेवटचं, सर्टिफिकेट. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी क्रीडा प्रमाणपत्राची विभागीय पातळीवर पडताळणी होते. पैसे घेऊन न खेळलेल्या स्पर्धेचं सर्टिफिकेट देणारे लोक फिरतात, त्यांच्या नादी लागलात तर नोकरी जाते आणि गुन्हाही दाखल होतो. तुमचं खरं सर्टिफिकेट हातात पडलं की तिथल्या तिथे नाव, खेळ, तारीख, स्थान आणि सही-शिक्का तपासा, चूक असेल तर आयोजक निघून जायच्या आत दुरुस्त करून घ्या. स्पर्धेच्या निकालपत्राची आणि एलिजिबिलिटी फॉर्मची झेरॉक्स त्याच फाईलला लावा, पडताळणीच्या वेळी तीच मागतात आणि तोपर्यंत कॉलेजातले सरही बदललेले असतात.