फुटसाल: मुलांच्या पायाला चेंडू चिकटावा कसा

फुटसाल म्हणजे छोट्या, कडक मैदानावर पाच-पाच जणांनी खेळायचा फुटबॉल. त्याचा चेंडू मुद्दाम कमी उसळणारा असतो. २ मीटरवरून सोडला तर पहिल्या टप्प्याला जेमतेम ५० ते ६५ सेंटिमीटर उठतो. त्यामुळे इथे चेंडू थांबवायला बुटाचा तळवाच कामी येतो. मोठ्यांचा चेंडू ४ नंबरचा. लहानग्यांना ३ नंबरचा बरा.

सुरुवातीला फक्त थांबवणं. ४-५ मीटरवरून जमिनीलगत पास द्या. टाच जमिनीपासून चार बोटं वर, चवडा त्याहून उंच. पाय उतरत्या छपरासारखा. चेंडू त्या फटीत येऊन अडकतो. मुलं चुकतात ती इथेच: पाय सपाट धरून चेंडूवर आपटतात, मग चेंडू तरी निसटतो नाहीतर मूल घसरतं. अंगाचा भार दुसऱ्या पायावर हवा, तोही गुडघ्यात किंचित वाकलेला.

मग जागेवरच तळव्याने चेंडू पुढे-मागे, नंतर आडवा लोळवणं. ३० सेकंद एक पाय, ३० सेकंद दुसरा. डावा पाय रुसतोच, त्याला दुप्पट वेळ द्या.

ड्रिबलिंगसाठी, म्हणजे चेंडू पायाशी ठेवून पुढे नेण्यासाठी, ६ शंकू, मध्ये १ मीटर अंतर. प्रत्येक पावलाला एक हलका स्पर्श. चेंडू लांब पळत असेल तर मूल बोटांच्या टोकाने ढकलतंय, असं समजा. नजर खालीच राहते का? समोर उभं राहून बोटं दाखवा, मुलाने आकडा ओरडून सांगायचा.

आणि रांगा नकोत. प्रत्येकाला स्वतःचा चेंडू.