साताऱ्यात नव्याने राहायला आलात? डोंगरवाटा शोधताना या चुका टाळा

बदली झाली किंवा नोकरी लागली आणि साताऱ्यात बिऱ्हाड मांडलं, की पहिल्या मोकळ्या रविवारी माणूस गाडी काढतो ती कास पठाराच्या दिशेने. सप्टेंबर असेल तर यवतेश्वरच्या घाटातच रांगेत अडकतो, वर आखलेल्या वाटेवरून फुलं बघतो आणि 'इथे चालायला फारसं काही नाही' असं ठरवून मोकळा होतो. कास बघायलाच हवं. पण फुलांच्या हंगामात तिथे आधी नोंदणी करावी लागते, वाट सोडून चालता येत नाही, आणि ते योग्यच आहे. चढायची हौस असेल तर दुसरीकडे जा.

ऋतू न बघता दिशा धरणे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पावसाच्या हिशेबाने सातारा जिल्ह्यात दोन वेगळे मुलूख आहेत. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, माण तालुक्यात ५०० च्या आसपास. तरी जुलै-ऑगस्टमध्ये सगळे पश्चिमेलाच पळतात आणि धुकं, शेवाळलेला कातळ नि जळवा यांत दिवस घालवून येतात.

त्या दिवसांत पूर्वेला, पंढरपूर रस्त्याला लागा. वर्धनगड आणि महिमानगड दोन्ही याच रस्त्यालगत आहेत, पायथ्याला गावं आहेत आणि चढ बेताचा आहे. खटावच्या सपाटीवर एकटाच उभा असलेला भूषणगडही याच पट्ट्यातला. एरवी रखरखीत दिसणारा हा भाग पावसाळ्यात हिरवा होतो. एप्रिलमध्ये मात्र तिकडे फिरकू नका, सावली औषधालाही मिळत नाही.

पश्चिमेची पाळी दिवाळीनंतर. वासोटा किल्ल्याला बामणोलीहून बोटीने कोयना धरणाचा शिवसागर जलाशय ओलांडून जावं लागतं. वनखात्याची परवानगी लागते, पावसाळ्यात गड बंद असतो आणि मुक्काम करता येत नाही. म्हणजे साताऱ्यातून पहाटेच निघायला हवं. उन्हाळ्यात ऊन चढायच्या आत अजिंक्यतारा. डांबरी रस्ता वर जातो म्हणून त्याला नाक मुरडू नका, मंगळाई देवीच्या बाजूने पायवाटाही आहेत.

शेजारच्या सांगलीला बदली झालेल्यांचा समज असा, की डोंगर हवा तर जिल्हा ओलांडायला हवा. मिरजेच्या पूर्वेला दंडोबाचा डोंगर, वाळव्यात मच्छिंद्रगड आणि उघड्या माळावर झाडं लावून उभं केलेलं सागरेश्वर अभयारण्य, एवढ्यावर हिवाळा सहज निघतो.

'किती लांब आहे?' एवढंच विचारणे

"मामा, गड किती लांब हाय?"
"ह्ये काय, हितंच. तंबाखू मळंस्तवर पोचताय."

मामा खोटं बोलत नाहीत. ते रोज गुरांमागे चढतात, त्यांचा वेग वेगळा. म्हणून अंतर विचारूच नका. वाटेत फाटे किती, वरचं टाकं आत्ता पिण्याजोगं आहे का, माघारी शेवटची एसटी कधी, हे विचारा. याची उत्तरं नेमकी मिळतात. आणि वाट विचारायची तर देवळाची विचारा. वर देव असेल तर गावाची ये-जा असते आणि वाट मळलेली राहते.

मोबाइलवरच्या रेषेवर विसंबणे

कुणीतरी मार्चमध्ये चालून नोंदवलेली वाट ऑगस्टमध्ये कमरेएवढ्या गवताखाली गेलेली असते. त्यामुळे वाट फोनवर उतरवून घेण्याआधी नोंदीचा महिना बघा. पवनचक्क्यांच्या पठारांवर, म्हणजे चाळकेवाडीकडे, उलटी अडचण. तिथे कच्चे रस्ते उदंड, सगळे एकसारखे, आणि धुक्यात दहा पावलांवरची पवनचक्कीही नुसती ऐकू येते.

ढोरवाटाही फसवतात. त्या उताराला आडव्या धावतात, एकीच्या चार होतात आणि झुडपात विरून जातात. वाट बराच वेळ आडवीच चालली आहे, चढायचं नाव नाही, असं दिसलं की थांबा. शेवटची खात्रीची खूण, एखादा मोठा दगड किंवा झाड, जिथे होती तिथवर माघारी या.

वाट चुकल्यावर ओढ्याने खाली उतरायचा मोह सगळ्यांना होतो. पाणी गावाकडेच जाणार, हा हिशेब सह्याद्रीत चुकतो. हे डोंगर लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेत. मऊ थर झिजून सपाट्या होतात, कठीण थराचा सरळ कडा राहतो. त्यामुळे ओढा आरामात चालत चालत अचानक कड्यावर येऊन थांबतो. खालून चढता आला नसता असा टप्पा तुम्ही घसरत उतरलेला असता, आता मागे जाता येत नाही. त्यापेक्षा डोंगराची धार, म्हणजे वरचा कणा, पकडा. धारेवरून निदान गाव कुठे आहे ते दिसतं, आणि फोनला रेंज मिळालीच तर तिथेच मिळते.

बाकी दोन गोष्टी थोडक्यात. आग्या मोहोळ दिसलं तर धूर, अत्तर आणि आरडाओरडा नको. फेब्रुवारीपासून वाळल्या गवतात चूल किंवा विडी अजिबात नको, एका ठिणगीने अख्खा उतार जळतो.

पहिल्याच खेपेला कुठे जायचं कळत नसेल तर शनिवारी जरंडेश्वरचा डोंगर गाठा. वरच्या मारुतीला निघालेली माणसं पायथ्यापासून सोबतीला असतात, वाट विचारावी लागत नाही. फक्त नारळाची पिशवी हातात मोकळी धरू नका, माकडं हिसकावतात.