दशावतारात, म्हणजे कोकणातल्या लोकनाट्याच्या कंपनीत, नट म्हणून पहिल्यांदाच फिरायला निघताय? मग हे वाचा

कार्तिकात जत्रा चालू झाल्या की मे पर्यंत फिरती, आज कुडाळ उद्या वेंगुर्ला, त्यामुळे आधी झोपेचं बघा. नाटक रात्री उशिरा उभं राहतं ते पहाटेपर्यंत चालतं, म्हणून टेम्पोत मिळेल तेवढी झोप काढा, फक्त मुकुटांच्या गाठोड्याला टेकू नका, मी एकदा टेकलो तर मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "झोपाक दुसरी जागा गावाक नाय?"

रंगायचं आपलं आपणच, स्वतःचा आरसा हवाच. स्त्रीपार्टी, म्हणजे बाईचं काम करणारे नट, असाल तर दाढी रंगायला बसायच्या जस्ट आधी करा, दुपारी केलीत तर रात्री गालावर हिरवट झाक मारते आणि पुढे बसलेल्या पोरांना ती बरोब्बर दिसते. रंग काढायला खोबरेल, साबण नंतर.

खरी मेहनत संवादांची. लिहिलेलं स्क्रिप्ट नसतं, आख्यान आणि पात्रं ठरली की उभ्या उभ्या बोलायचं, तेव्हा पुराणातल्या गोष्टी तोंडपाठ पाहिजेत, आणि अडकलातच तर पेटीवाल्याकडे बघा, तो पद उचलतो तेवढ्यात सुचतं काहीतरी.

रात्री दही नको. गरम पाण्याचा थर्मास जवळ ठेवा, त्यावर नाव लिहा, नाहीतर राक्षसपार्टी संपवतो.