हायस्पीड रेल्वेचा बोगदा आखताना आणि खणताना या चुका टाळा

बोगद्याच्या कामात काही चुका नंतर निस्तरता येतात, काही नाही. ड्रेन तुंबला तर साफ होतो, गळती ग्राउटने (सिमेंटच्या पातळ मिश्रणाने) थांबते. पण आतली जागा कमी पडली तर तो बोगदा कायमचा कमी वेगापुरता उरतो. म्हणून न सुधारता येणाऱ्या चुका आधी घेऊ.

गाडी मावते, एवढ्यावर व्यास ठरवणे

ही सर्वांत महागडी चूक. गाडीचा छेद साधारण 10 ते 12 चौरस मीटर असतो. तरीही दुहेरी मार्गाच्या बोगद्यात चीन 350 किमी वेगासाठी 100 चौरस मीटर आणि जर्मनी 300 किमीसाठी सुमारे 92 चौरस मीटर मोकळे क्षेत्रफळ ठेवतो. ही जागा हवेसाठी लागते. गाडी आत शिरताना पुढची हवा दाबली जाते आणि दाबाची लाट आवाजाच्या वेगाने, सेकंदाला सुमारे 340 मीटर, पुढे पळते. दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 250 किमीसाठी आखलेल्या बोगद्यातून 320 किमीने गाडी नेली तर तो साधारण 64 टक्क्यांनी वाढेल.

जपानी शिंकान्सेनचे (तिथल्या हायस्पीड रेल्वेचे) दुहेरी बोगदे जेमतेम 62 ते 64 चौरस मीटरचे आहेत, मग आपण मोठा का खणायचा, असा प्रश्न बैठकीत हमखास येतो. उत्तर गाड्यांत आहे. तिथले डबे हवाबंद असतात आणि नव्या गाड्यांची नाके मुद्दाम लांब केलेली असतात. गाडी न घेता नुसता आकडा उचलला तर प्रवाशांचे कान दुखणार. युरोपात बोगदा पार होईपर्यंत गाडीवरच्या दाबातला एकूण फरक 10 किलोपास्कलच्या आत ठेवण्याचे बंधन आहे. डब्याचे सील निकामी झाले तरी कानाला इजा होऊ नये, हा त्यामागचा हेतू.

बोगदा लांब तितका दाब वाईट, हाही गैरसमज आहे. गाडीच्या नाकाने उठवलेली लाट दुसऱ्या तोंडावरून परतते आणि शेपटाने उठवलेल्या लाटेशी जुळते तेव्हा फटका सर्वांत मोठा असतो. 200 मीटरची गाडी ताशी 300 किमीने जात असेल तर हा धोका साधारण एक किलोमीटरच्या बोगद्यात असतो. म्हणून प्रत्येक बोगद्याचे गणित वेगळे करा, आणि दोन गाड्या आत एकमेकींना ओलांडतात ती स्थितीही धरा. मोकळे क्षेत्रफळ मोजताना रुळांखालचा काँक्रीट स्लॅब, पदपथ, केबल आणि तारांचे आधार वजा करा. टीबीएम (बोगदा खणणारे यंत्र) ठरल्या रेषेपासून 100 मिलिमीटर सरकू शकते, तेही आधीच सोडून ठेवा.

आवाज येतो त्या तोंडावर उपाय करणे

लक्षण असे: गाडी एका तोंडातून आत शिरते आणि काही सेकंदांनी दुसऱ्या तोंडापाशी धाडकन आवाज होतो, जवळच्या घरांच्या खिडक्या थरथरतात. 1970च्या दशकात सान्यो शिंकान्सेनवर हा प्रकार पहिल्यांदा ठळकपणे समोर आला. तक्रार बाहेर पडण्याच्या तोंडावरून येते, म्हणून भिंती तिथेच उभारल्या जातात. पण लाटेचा चढ, म्हणजे दाब किती झपाट्याने वाढतो, ते ठरते गाडी शिरते तिथे. हूड (तोंडापुढे जोडलेले झाकण) त्या टोकाला हवे: बोगद्यापेक्षा रुंद, बाजूला खिडक्या असलेले, वीस-तीस मीटर किंवा त्याहून लांब. दुहेरी मार्गावर ते दोन्ही टोकांना लागते. खिडक्या जरा जास्त ठेवा आणि चाचणीत दाब मोजून नको त्या बंद करा.

दाबाचा चढ वेगाच्या जवळपास घनाने वाढतो. शिवाय लांब बोगद्यात स्लॅब ट्रॅक (खडीऐवजी काँक्रीटवर बसवलेले रूळ) असेल तर लाट जाता जाता आणखी तीव्र होते. खडी काही दाब शोषते, स्लॅब शोषत नाही. खडीचा ट्रॅक स्लॅबचा करायचा निर्णय झाला की हे गणित पुन्हा करायलाच हवे, आणि नेमके तेच राहून जाते. हूडपुरती जमीन भूसंपादनाच्या पहिल्या नकाशातच घ्या.

बोअरहोल बुजवायला विसरणे

जमीन तपासण्यासाठीचे बोअरहोल बोगद्याच्या रेषेवर न घेता बाजूला घ्या, आणि काम झाल्यावर तळापासून वरपर्यंत ग्राउटने भरा. उघडे राहिलेले भोक टीबीएमच्या दाबाखालचा फेस किंवा स्लरी (पातळ चिखल) थेट जमिनीवर आणते, आणि खणाईच्या तोंडावरचा दाब क्षणात पडतो. पाण्याची पातळी एकदाच मोजून थांबू नका, ओल्या-कोरड्या दोन्ही ऋतूंत मोजा. 10 मीटर पाणी म्हणजे साधारण 1 बार, त्यामुळे पातळीतला फरक थेट खणाईच्या तोंडावरच्या दाबात येतो.

मक (खणून निघालेली माती) आणि ग्राउट नुसते नोंदवणे

खणाईचा व्यास 13.6 मीटर आणि रिंग (अस्तराचे, म्हणजे बोगद्याच्या आतल्या काँक्रीटच्या आवरणाचे एक कडे) 2 मीटर रुंद असेल तर एका रिंगमागे जागेवरची माती 290 घनमीटर भरते. घनता घनमीटरला 1.9 टन धरली तर सुमारे 550 टन. यात घातलेले पाणी आणि फेस मिळवा आणि माती वाहणाऱ्या पट्ट्यावरच्या दोन वेगवेगळ्या वजनकाट्यांशी ताडून पाहा. एका रिंगचा आकडा चुकला तर तो काट्याचा दोष असू शकतो. लागोपाठ तीन रिंगमागे माती जास्त भरली तर वर पोकळी होते आहे असे समजून थांबा, खणाईच्या तोंडामागच्या चेंबरचा दाब तपासा.

रिंगचा बाहेरचा व्यास 13.2 मीटर असेल तर रिंगच्या मागची, ग्राउटने भरायची फट एका रिंगला जवळपास 17 घनमीटर. दाब पुरेसा चढला म्हणजे फट भरली, असे नसते. नळी तुंबली तरी दाब चढतो. दाब आणि घनफळ दोन्ही जुळायला हवेत. दोन घटकांचे ग्राउट काही सेकंदांत घट्ट होते, म्हणून प्रत्येक रिंगनंतर नळ्या धुवा.

वर चालू रेल्वे असेल तर खचण्याची कोणती मात्रा गाठली की गाड्या थांबवायच्या, हे खणण्याआधी लेखी ठरलेले असावे. 12 ऑगस्ट 2017 रोजी जर्मनीत रास्टाट इथे नवा बोगदा खणताना वरचे रूळ खचले. राइन खोऱ्यातला तो मुख्य मार्ग 2 ऑक्टोबरपर्यंत बंद राहिला आणि टीबीएम काँक्रीटमध्ये गाडून टाकावे लागले.

स्फोटाने खणताना नेहमीची चूक म्हणजे तळ उशिरा बंद करणे. कमजोर खडकात शॉटक्रीटचे (फवारलेल्या काँक्रीटचे) कडे तळाशी जुळेपर्यंत ते कडे म्हणून काम करत नाही. भिंती किती सरकतात याचे पहिले माप स्फोटानंतर काही तासांत घ्या. उशीर झाला तर तोवर झालेली हालचाल नोंदीत येतच नाही.

अस्तरात थंड सांधा

27 जून 1999 रोजी जपानच्या फुकुओका बोगद्यात अस्तराचा सुमारे 200 किलोचा तुकडा धावत्या शिंकान्सेनवर कोसळला. ओतकाम मध्येच थांबल्याने झालेला सांधा त्यामागे होता. पंप बंद पडला तर दुसरा लगेच सुरू करता आला पाहिजे, आणि साच्यात दोन्ही बाजूंनी काँक्रीट समान चढले पाहिजे. माथ्यावर पोकळी राहतेच असे धरून आधीच नळ्या ठेवा, नंतर ग्राउट भरा. मग संपूर्ण अस्तर हातोडीने ठोकून ऐका. पोकळ आवाज येईल तिथे खूण करून कोअर (नळीसारखा नमुना) काढा.

दारे आणि बोल्ट

दोन नळ्यांच्या बोगद्यात युरोपचा नियम जास्तीत जास्त 500 मीटरवर जोडमार्ग मागतो. त्यांची दारे आगीसाठी तपासली जातात, थकव्यासाठी (वारंवारच्या ताणाने कमजोर होण्यासाठी) क्वचितच. दिवसाला 150 गाड्या धरल्या तर 30 वर्षांत 16 लाखांहून अधिक गाड्या जातात, आणि प्रत्येक गाडी दाराला ढकलते आणि ओढतेही. बिजागऱ्या, कुलपे, दिव्यांचे कंस, केबलच्या ट्रे, सगळ्यांना हाच हिशेब लागू. पहिल्या वर्षी प्रत्येक बोल्टवर नट ओलांडून रंगाची रेघ मारा. रेघ तुटलेली दिसली की तो बोल्ट सैल झाला आहे. पुन्हा आवळून भागवू नका, आधी आधार का हलतो ते शोधा.