परड्यासाठी मशीन घेताय? आधी टेप घेऊन परडं मोजा

जूनचा पहिला पाऊस पडला की बेळगाव-खानापूर पट्ट्यात गवत उगवत नाही, अंगावर येतं. मग गणपतीच्या तोंडावर सगळ्यांचा एकच प्रश्न: गवत कापायचं मशीन कुठलं घ्यायचं? दुकानाची पायरी चढण्याआधी एक काम घरीच उरकून घ्या.

टेप घ्या आणि परडं मोजा. ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा. त्यातून विहीर, गोठा, पायवाट वजा करा. उरेल ती जागा सपाट आहे की चढाची, मातीत जांभ्याचे खडे किती, गवत घोट्याएवढं वाढतं की कमरेएवढं, हे कागदावर लिहा. टिळकवाडीतल्या बंगल्यापुढची अर्ध्या गुंठ्याची हिरवळ आणि खानापूरकडचं आठ-दहा गुंठ्यांचं फणस-आंब्याचं परडं, यांना एकच मशीन चालत नाही. अथणीकडे पाऊसच कमी. तिथं कित्येक घरांना विळा आणि खुरपं पुरतं.

हे न करता मी सगळ्यात आधी लॉन मोअर घेतला. जांभ्याच्या खड्यांवर पहिल्याच महिन्यात पात्याचे दात पडले. तो आता गोठ्यात आहे, कोंबड्या त्यावर बसतात. मोअर लागतो तो लावलेल्या, सपाट, खडे वेचलेल्या हिरवळीला. तशी असेल तरच घ्या, आणि एका वेळी गवताच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कापू नका, नाहीतर मुळं कमजोर होतात.

आपल्याकडच्या बहुतेक परड्यांना पहिलं मशीन ब्रश कटर, म्हणजे खांद्याला अडकवून लांब दांड्याच्या टोकानं गवत कापायचं मशीन. दोन गुंठ्यांच्या आत असाल तर बॅटरीचा बघा: आवाज कमी, पेट्रोलची कटकट नाही. पण बॅटरी एकदा ज्या कंपनीची घ्याल, पुढची मशीनं त्याच बॅटरीवर चालणारी घ्यावी लागतात, म्हणून त्या कंपनीत आणखी काय मिळतं ते आधी विचारा. जागा मोठी असेल तर पेट्रोलचा. टू-स्ट्रोक हलका असतो, पण त्यात ऑइल मिसळावं लागतं: ५० ला १ प्रमाण असेल तर लिटरमागे २० मिली, २५ ला १ असेल तर ४० मिली. तुमच्या मशीनचं प्रमाण पुस्तिकेत असतं. अंदाजे ओतलं तर पिस्टन जाम होतो. फोर-स्ट्रोकला मिश्रण नको, वजन थोडं जास्त. दुकानात पट्टा खांद्याला अडकवून पाच मिनिटं उभे राहा. पाठ तिथंच उत्तर देते.

ब्रश कटरच्या टोकाला कापणारं डोकं कुठलं लावायचं ते गवतावर ठरतं. कोवळ्या गवताला नायलॉनची दोरी, जाड गवताला तीन पात्यांचं ब्लेड, घाणेरीच्या खोडांना बारीक दातांचं गोल ब्लेड. काँग्रेस गवताला मात्र मशीन लावू नका. फुलल्यावर कापलं तर बी सगळीकडे उडतं आणि बुंध्यातून पुन्हा फुटतं. ते फुलण्याआधी, ओल्या मातीत, हातमोजे घालून मुळासकट उपटायचं. दोरीनं उडालेला खडा माझ्या स्कूटरची काच फोडून गेला आहे, तेव्हा गॉगल, बूट, जाड पँट हवीच. पोरं आणि कुत्री पन्नास फूट लांब.

वायरवरचं मशीन घेणार असाल तर पावसात ते वापरायचं नाही. प्लगच्या वाटेवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, बसवून घ्या. शंभर फुटांवर न्यायचं असेल तर अडीच चौरस मिलिमीटरची वायर, बारीक नको.

मेंदी किंवा जास्वंदीचं लांब कुंपण असेल तर हेज ट्रिमर, नाहीतर कातर चालते. ब्लोअरचं काम खराटा करतो. चेनसॉ विकत घेऊ नका. वर्षातून एकदा फांद्या छाटायला जाणकार माणूस बोलवा, साखळी उलटी उसळते तेव्हा शिकायला वेळ मिळत नाही. प्रेशर वॉशर मात्र चैन म्हणू नका. श्रावणात पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि घरातलं कुणीतरी घसरतंच. फक्त जांभ्याच्या चिऱ्यांवर फवारा जवळून मारू नका, दगड झडतो.

घेण्याआधी शेवटचं: दुकानदाराला दोरीचं डोकं, कार्बोरेटर, एअर फिल्टर हातात दाखवायला सांगा. पार्ट दुकानात नसेल तर स्वस्तातलं मशीन घेऊ नका. धार लावण्याची चिंता बेळगावकरांनी करू नये, उद्यमबागेची कारखान्यांची वसाहत आहे. किर्लोस्करांनीही कडबा कापायचं यंत्र याच गावात केलं होतं.

पाऊस सरला की टाकीतलं पेट्रोल काढा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ओलावा ओढतं, कार्बोरेटर गंजतो. फिल्टर धुवा, गिअरच्या डोक्यात ग्रीस भरा, ब्लेडला तेलाचं बोट फिरवा. आमच्याकडे हे खंडेनवमीच्या आदल्या दिवशी होतं. दुसऱ्या दिवशी कोयत्याशेजारी ब्रश कटरलाही झेंडूचा हार पडतो.